एमआरआय नॉर्मल आहे, मग आकडी का येते?

आकड्या येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना एक गोष्ट आधीच सांगून टाकते. एमआरआयचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणजे मेंदूत काहीच दोष नाही, असं सिद्ध होत नाही. त्या वयात, त्या पद्धतीने काढलेल्या चित्रांत वाचणाऱ्याला काही दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे आम्हाला कोणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझ्या मुलीची शाळेची वर्षं अशी गेली नसती.

ती वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा पहिली आकडी आली. झोपेत. डावा हात ताठ झाला, तोंड डावीकडे ओढलं गेलं. गावाजवळच्या दवाखान्यात रातोरात सीटी स्कॅन झाला, पुढच्या आठवड्यात एमआरआय. दोन्ही नॉर्मल. औषध सुरू झालं, थोडे दिवस बरे गेले, मग आकड्या परत आल्या. एकाची दोन औषधं झाली, दोनाची तीन. नवे डॉक्टर फाईल उघडायचे, तो जुना रिपोर्ट बघायचे आणि म्हणायचे, ‘‘एमआरआय नॉर्मल आहे ना? मग डोस वाढवून बघू.’’ घरात ‘दृष्ट लागली’पासून ‘वयात आली की जाईल’पर्यंत सगळं ऐकून झालं. मुलगी मात्र मागे पडत होती. रात्री घडाघडा म्हटलेला पाढा सकाळी तिला आठवत नसे.

पुढे पुण्यात एका बालमेंदूविकारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी रिपोर्टवरची तारीख बघितली आणि विचारलं, ‘‘ताई, हा एमआरआय ही अकरा महिन्यांची असतानाचा आहे. नंतर पुन्हा काढायला कोणीच सांगितलं नाही?’’

कोणीच सांगितलं नव्हतं. जन्माच्या वेळी बाळाचा मेंदू पुरता तयार नसतो. मेंदूतल्या तंतूंवर मायेलिन नावाचं आवरण मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत चढत जातं. ते चढत असताना मेंदूचा करडा आणि पांढरा भाग एमआरआयमध्ये जवळजवळ सारखेच दिसतात आणि दोघांमधली सीमा पुसट होते. आकड्यांना कारण होणारा जन्मजात दोष नेमका त्या सीमेवर असला, तर तो झाकला जातो. म्हणून लहानपणीचा एमआरआय नॉर्मल असेल आणि आकड्या थांबत नसतील, तर मूल दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर तो पुन्हा काढतात. तुमच्या हातातल्या रिपोर्टवर मुलाचं वय काय लिहिलंय, ते आजच बघा.

दुसरी गोष्ट कापांच्या, म्हणजे एमआरआयने टिपलेल्या मेंदूच्या एकेका थराच्या, जाडीची. नेहमीच्या तपासणीत बहुधा पाच मिलिमीटर जाडीचे काप घेतात, आणि दोन कापांच्या मध्ये थोडी जागा सुटते. दोषच जर सेंटीमीटरभराचा असेल, तर तो एक-दोन कापांतच ओझरता येतो आणि नजरेतून सुटू शकतो. आकडीसाठी वेगळी पद्धत आहे. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या जागतिक संघटनेने २०१९ साली ‘हार्नेस’ नावाने ती सुचवली. तिच्यात एक मिलिमीटरचे, मध्ये जागा न सोडलेले काप घेतात. तीन टेस्ला ताकदीच्या चुंबकाचं यंत्र मिळालं तर उत्तम, पण दीड टेस्लाच्या यंत्रावरही हे करता येतं. तेव्हा नुसतं ‘मेंदूचा एमआरआय’ असं लिहून घेऊ नका. ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ हे शब्द चिठ्ठीवर असायलाच हवेत, आणि ते केंद्र तो करतं का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

चिठ्ठीचं महत्त्व मला मॅडमनी एमआरआय पुन्हा लिहून दिला तेव्हा कळलं. आमच्या पहिल्या चिठ्ठीवर फक्त ‘आकडी’ होतं. मॅडमनी सविस्तर लिहिलं: आकडी झोपेत येते, डाव्या हातापासून सुरू होते, ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखात) उजव्या बाजूला पुढच्या भागात दोष दिसतो, तिथे नीट बघावं. डावा हात म्हणजे मेंदूची उजवी बाजू, हे चित्रं वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला माहीत असतं. पण डावा हात हे त्यांना कोणीतरी सांगायला लागतं. ते सांगू शकतो तो घरातला माणूस. मोबाईलवर आकडीचं चित्रीकरण करा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं, आणि सुरुवात कुठून झाली ते त्याच रात्री वहीत लिहा.

नवा एमआरआय झाल्यावर रेडिओलॉजिस्ट सरांनी मला शेजारी बसवून पडदा दाखवला. माऊसचं चाक फिरवत ते एकेक काप पुढे नेत होते. मेंदूच्या वळ्यांची करडी कड सगळीकडे रेखीव होती. उजवीकडे एका खाचेच्या तळाशी ते थांबले. तिथे कड किंचित जाड होती, पेन्सिलची रेघ बोटाने पुसल्यासारखी. तिथून एक फिकट पांढरा शेपटा आत खोलवर गेला होता. ते चाक पुढे-मागे करत राहिले, तेव्हा कुठे मला ते दिसलं. या दोषाला फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसिया म्हणतात. १९७१ साली लंडनमध्ये डेव्हिड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांवरून त्याचं वर्णन केलं. तेव्हा एमआरआय नव्हता. मेंदू उघडल्याशिवाय दोष सापडत नसे.

आज त्याचा शोध घ्यायला संगणकही शिकतोय. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधून चालणाऱ्या ‘मेल्ड’ प्रकल्पात २३ केंद्रांमधल्या १,१८५ जणांचे एमआरआय एकत्र केले, त्यांत मुलंही होती आणि मोठी माणसंही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून सुटलेले ६४ टक्के दोष त्यांच्या प्रणालीने ओळखले. मला याचं फार अप्रूप आहे. पण ही प्रणाली फक्त संशयाची जागा दाखवते, निदान तज्ज्ञच करतात. शिवाय तिलाही बारीक कापांची चित्रंच लागतात. जाड कापांमध्ये जे उमटलंच नाही, ते संगणक कुठून आणणार?

दोष सापडला की पुढचा, शस्त्रक्रियेचा विषय निघतो. योग्य निवडलेली, योग्य प्रमाणातली दोन औषधं देऊनही आकड्या थांबत नसतील, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार (एपिलेप्सी) म्हणतात, आणि तिथे तिसऱ्या-चौथ्या औषधाची वाट बघत बसायचं नसतं. दिल्लीच्या एम्समध्ये अशा ११६ मुलांवर अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं आकडीमुक्त होती, फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या ३३ टक्के मुलांना गंभीर दुष्परिणामही झाले, त्यांत एका बाजूची ताकद कमी होण्याचं प्रमाण जास्त होतं. दोन्ही आकडे समोर ठेवूनच आम्ही ठरवलं. मुलीची शस्त्रक्रिया झाली. डाव्या हाताची पकड काही काळ ढिली होती, व्यायामाने सुधारली. आकड्या थांबल्या आहेत. एक औषध अजून चालू आहे. मागे पडलेला अभ्यास मात्र सहजासहजी भरून निघत नाही, आणि ते मला डाचतं.

एमआरआयच्या तयारीचंही सांगते. यंत्राचा आवाज फार मोठा असतो आणि मुलाने अर्धा तास तरी हलता कामा नये. सहा-सात वर्षांच्या मुलाला तो आवाज आधी मोबाईलवर ऐकवून, टेबलाखाली स्तब्ध पडून राहायचा सराव घरी करून घेता येतो. काही मुलांना मग भूल लागतच नाही. भूल द्यायची असेल तर उपाशी ठेवण्याच्या वेळा भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. जेवणासाठी साधारण सहा तास, आईच्या दुधासाठी चार, साध्या पाण्यासाठी त्याहून कमी. नाहीतर घाबरून आपण लेकराला विनाकारण रात्रभर कोरडं ठेवतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, सीटीत असतात. तातडीच्या वेळी सीटी लागला तर अडवू नका. पण जुनी चित्रं हरवली म्हणून तो पुन्हा काढायला लागू नये.

म्हणून केंद्रातून निघताना छापील फिल्मवर समाधान मानू नका. सगळ्या कापांची मूळ चित्रं सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागा, तिथल्या संगणकावर उघडून बघा आणि एक प्रत घरी वेगळी ठेवा. दुसरे रेडिओलॉजिस्ट वाचणार ते हीच चित्रं. ती कोणी संशोधनासाठी मागितली, तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का आणि मुलाचं नाव काढून टाकणार का, ते विचारा. भारतात सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यायची असते. मुलालाही समजावून सांगा आणि ते काय म्हणतं ते ऐका. आम्ही विचारलं तेव्हा आमची हो म्हणाली.