व्यसनप्रतिबंध कार्यक्रम आणि कुटुंबाचा सहभाग

तरुणांमधील व्यसनाधीनतेला आळा घालणाऱ्या कार्यक्रमांची दुबळी बाजू बहुधा त्यांचा आशय नसते, उपस्थिती असते. शाळेत मुले बसलेलीच असतात. पालकांना मात्र मुद्दाम यावे लागते. ते का येतात आणि का येत नाहीत, हा प्रश्न सामाजिक धोरणाच्या अभ्यासात महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी प्रथम निराळ्याच आजाराच्या संदर्भात झाली. क्षयरोगाच्या निदानासाठी मोफत क्ष-किरण तपासणी वस्तीपर्यंत नेऊनही लोक पुरेशा संख्येने का येत नाहीत, याचा शोध १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी घेतला. त्यातून ‘आरोग्यश्रद्धा प्रतिमान’ पुढे आले. धोका आपल्यालाही आहे असे वाटणे, तो गंभीर वाटणे, उपायाचा लाभ पटणे आणि त्या लाभापुढे अडथळे किरकोळ वाटणे, या चार गोष्टींवर माणसाचा निर्णय अवलंबून असतो, असे हे प्रतिमान सांगते. आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात ते पालकांच्या सहभागाला लावून पाहिले. वेळेची अडचण हे पालकांनी दिलेले एक ठळक कारण होते.

धोक्याची चुकीची प्रतिमा

भारतात पहिलाच घटक लंगडा पडतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हुंगून घेतल्या जाणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण १० ते १७ वर्षे वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. मुलांमधील प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक असलेला हा एकच प्रकार होय. पालकांच्या मनात धोका म्हणजे गांजा, चरस किंवा ब्राऊन शुगर. प्रत्यक्षात तो दप्तरातील खोडद्रवाच्या बाटलीत किंवा घरातल्या गोंदाच्या नळीत असू शकतो. जो धोका ओळखूच येत नाही, त्याच्या प्रतिबंधासाठी कोणी रविवार मोडत नाही.

दुसरी अडचण वडिलांची. याच सर्वेक्षणानुसार मद्यसेवनाचे प्रमाण पुरुषांत २७.३, तर स्त्रियांत १.६ टक्के होते. स्वतः मद्य घेणाऱ्या पित्याला अशा बैठकीत बसणे म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे वाटते. तो आईला पाठवतो, आणि घरातील निर्णय ज्याच्या हाती तोच कार्यक्रमाबाहेर राहतो.

नाव खराब होण्याची भीती

प्रतिबंध आणि उपचार यांतील फरक अनेक कुटुंबांना माहीत नसतो. ‘तिथे गेलो तर मुलगा व्यसनी ठरेल’ ही धास्ती मुलांच्या विवाहापर्यंत पोहोचते. कायद्याचे भयही असते. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हा गुन्हा आहे. मात्र स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनग्रस्तास कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते. ही तरतूद पालकांपर्यंत क्वचितच पोहोचते. सरसकट सर्व पालकांना दिलेले निमंत्रण अशा वेळी अधिक सोयीचे, कारण त्यात कोणाकडेही बोट दाखवले जात नाही.

निमंत्रण कोण देतो यालाही महत्त्व आहे. मणिपुरात १९७० च्या दशकातील ‘निशाबंदी’ चळवळीत शेजारपाजारच्या स्त्रियाच मद्यपानाविरुद्ध रात्री गस्त घालीत. त्यातूनच पुढे मैरा पैबी उभी राहिली. शेजारणीचा शब्द जेथे पोहोचतो, तेथे सरकारी परिपत्रक पोहोचेलच असे नाही.

व्यावहारिक अडथळ्यांवर आयोवातच विकसित झालेला १० ते १४ वयोगटासाठीचा कुटुंब सबलीकरण कार्यक्रम उद्बोधक आहे. सात साप्ताहिक बैठका; प्रत्येकीत पहिला तास पालक व मुले स्वतंत्र, दुसरा तास एकत्र. जेवण व लहान भावंडांच्या सांभाळाची सोयही अनेक ठिकाणी केली जाते. रोजंदारीवरील भारतीय कुटुंबाच्या दृष्टीने बैठकीची वेळ हीच कार्यक्रमाची किंमत असते. दिवसाची मजुरी बुडवून येणे त्याला परवडत नाही.

१५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानासारख्या मोहिमांत जनजागृतीवर मोठा भर राहिला आहे. कुटुंबाचा सहभाग तपासायचा तर मेळाव्याची गर्दी पुरेशी नाही. पहिल्या बैठकीला आलेल्या किती कुटुंबांनी शेवटची बैठक गाठली आणि त्यांत वडील किती होते, ही नोंद स्वतंत्रपणे ठेवावी लागेल.