साप्ताहिक अभ्यास : राखणीचं पिल्लू आणि रोजची कामं

 

मागच्या आठवड्यात एका दादांनी ग्रुपवर विचारलं होतं, "गावी शेळ्या घेतल्यात, राखणीला पिल्लू आणलंय, त्याला शिकवायचं कसं?" आपण राहतो कोसाडला, पण आपल्यातली कितीतरी घरं मूळची धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. भाऊ-काका अजून शेती करतात. म्हणून हा विषय घेतला.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. मोबाईलवर दिसतात ती परदेशी कुत्री मेंढ्या वळवतात. आपल्या साक्रीकडच्या ठेलारींची कुत्री तसं करत नाहीत. कळप वळवतो माणूस. कुत्रं कळपासोबत चालतं आणि रात्री लांडग्यापासून राखण करतं. त्याला वेगळी शिकवणी नसते. ते मेंढ्यांतच वाढतं आणि मोठ्या कुत्र्याचं बघून शिकतं.

यात वयाला फार महत्त्व आहे. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या अभ्यासकांनी १९६५ च्या पुस्तकात मांडलंय, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सोबत राहतं त्यांना आपलं मानतं. म्हणजे आठ आठवड्यांचं पिल्लू आणलं तर आपल्या हातात महिनाच उरतो. तो ओसरीवर मुलांशी खेळण्यात घालवू नका, त्याची झोपायची जागा शेळ्यांच्या शेजारीच करा. मध्ये जाळी मात्र हवी.

आता काम. सकाळी गोठ्यात जाताना पिल्लाची दोरी कमरेला बांधा. फाटकाशी ते ओढणारच. ओढतंय तोवर कडीला हात लावू नका. दोरी सैल पडली की "थांब" म्हणा आणि कडी काढा. ओढत असताना "थांब थांब" ओरडलं तर त्याला वाटतं, ओढण्यालाच थांब म्हणतात! आणि घरात शब्द एकच ठेवा. आजी "बस" म्हणते, नातू "स्टॉप" म्हणतो, बिचाऱ्यानं ऐकायचं कोणाचं?

चारा-पाणी करताना त्याला जवळ बांधून ठेवा. शांत बसलं की भाकरीचा तुकडा द्या. त्याचं जेवण मात्र शेळ्यांपासून लांब, नाहीतर भाकरीवरून शेळीवर गुरगुरेल. एखादी शेळी डोक्यानं ढकलेल, तेवढं चालतं, त्यातून त्याला अदब कळते.

सगळ्यात जपायचं ते पाठलागाला. माझंच सांगतो. आमचं पिल्लू पाच महिन्यांचं असताना करडामागे धावलं. करडू उड्या मारत पळालं, मुलं हसली, मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. मग तो रोजचाच खेळ झाला. पळणाऱ्यामागे धावण्यातच कुत्र्याला मजा मिळते, त्याला वेगळा खाऊ द्यावा लागत नाही. एका दुपारी घरी कोणी नव्हतं. आलो तेव्हा करडाचा मागचा पाय फाटलेला. ते वाचलं नाही. रागानं मी कुत्र्याला काठी मारली, पण त्याला तास होऊन गेला होता. कशाचा मार बसला हे त्याला काय कळणार? खेळाला हसलो मी, मार खाल्ला त्यानं. शेवटी ते दुसऱ्याला देऊन टाकावं लागलं.

आता दुसरं पिल्लू आहे, आठ महिन्यांचं. तब्येतीनं मोठं दिसतं, पण अक्कल अजून पोराचीच. वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत त्याला करडांजवळ एकटं सोडायचं नाही असं ठरवलंय. पाठलागाला उठलं की त्याच क्षणी दोरी धरायची, आवाज न चढवता, आणि त्याला दुसऱ्या बाजूला वळवून चालायला लावायचं.

एक राहिलंच. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या, पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा. मेलेल्या जनावराचं कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्याला घालू नका. त्यातून होणारे जंत कुत्र्यामार्फत घरातल्या लेकरांपर्यंत पोचतात.

ज्यांच्याकडे पिल्लू आहे त्यांनी त्याचं वय ग्रुपवर कळवा.