मानव विकासाचे मोजमाप : आकडा आणि शब्द

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा पाच तालुक्यांचा आहे. कळमनुरी हा त्यांपैकी एक. महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात या जिल्ह्याचा निर्देशांक ०.६४८, तर राज्याचा ०.७५२ आहे. कळमनुरीत राहणाऱ्या अभ्यासकाने हे आकडे कसे वाचावेत, हे या पाठात पाहू.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध केला. महबूब उल हक हे त्याचे प्रणेते. त्यामागे अमर्त्य सेन यांचा क्षमताविषयक विचार होता. देशाची प्रगती केवळ उत्पन्नाने मोजू नये, दीर्घ व निरोगी आयुष्य, शिक्षण आणि राहणीमान या तिन्हींचा विचार करावा, ही त्यातील भूमिका. २०१० पासून या तीन घटकांचा भूमितीय मध्य काढला जातो. समजा, घटकांची मूल्ये ०.९, ०.६ आणि ०.३ आहेत. साधी सरासरी ०.६ येते, भूमितीय मध्य मात्र सुमारे ०.५४५. म्हणजेच उत्पन्न वाढले म्हणून शाळेची उणीव आता पूर्वीइतकी सहज झाकली जात नाही.

राज्याच्या अहवालात जिल्ह्यांसाठी वेगळी मापे घेतली आहेत : आयुर्मानाऐवजी अर्भक मृत्युदर, शिक्षणासाठी साक्षरता व पटनोंदणी, आणि जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न. त्यामुळे ०.६४८ हा आकडा एखाद्या देशाच्या आकड्याशेजारी ठेवून ‘आपण अमुक देशाइतके’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. २००२ च्या राज्य अहवालात मुंबईचा निर्देशांक १.०० आणि गडचिरोलीचा ०.२१ होता. १.०० याचा अर्थ मुंबईत काही करावयाचे उरले नाही असा कोणी घेतला, तर धारावीतील रहिवासी त्याला हसतील.

पटनोंदणीचेच पाहा. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या प्रदेशात जातात. मुलाचे नाव पटावर राहते; मूल फडात असते. हंगामी वसतिगृहे याच कारणासाठी सुरू झाली. जेथे मूल मागे राहत नाही, तेथे निर्देशांक त्याला शाळेतच मोजतो.

आता प्रश्न सुखाचा. २०१२ पासून प्रसिद्ध होणाऱ्या जागतिक आनंद अहवालासाठी माणसाला एक शिडी कल्पावयास सांगतात : तळाशी शून्य, वर दहा, तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? भाषेच्या अभ्यासकाला येथे थांबावेच लागते. ‘सुख’, ‘समाधान’ आणि ‘आनंद’ हे मराठीत एकमेकांचे पर्याय नाहीत. सुख नसतानाही समाधानी असणे आपल्याकडे गुण मानला जातो. ‘कसं चाललंय?’ या प्रश्नाला आपल्या भागात ‘बरं हाय’ हे उत्तर दुष्काळातही मिळते आणि हळदीला चांगला भाव आला तरीही मिळते. हे ‘बरं’ कोणती पायरी? ते वस्तुस्थितीपेक्षा शिष्टाचार अधिक सांगते. म्हणून शिडीवरची पायरी आणि अर्भक मृत्युदर एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. पहिल्यात माणूस बोलतो, दुसऱ्यात नोंदवही.

स्वयंअध्ययन

१. आपल्या गावातील शाळेची पटनोंदणी आणि पौष महिन्यातील प्रत्यक्ष उपस्थिती यांची तुलना करा.

२. घरातील तीन पिढ्यांच्या व्यक्तींना ‘तुम्ही सुखी आहात का?’ आणि ‘तुम्ही समाधानी आहात का?’ हे दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. उत्तरे त्यांच्याच बोलीत, शब्दशः लिहून घ्या.