पेडलवर टेकलेला पाय

पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या आणि कोरीटच्या आमच्या काळ्या रानात उन्हाळी नांगरट चालू होती. ट्रॅक्टर वीस वर्षांचा. फाळ खोल गेला की इंजिनाचा आवाज चढायचा, पण ट्रॅक्टर त्या मानाने पुढे सरकायचा नाही. मग करपट वास यायचा. जमीन तापून कडक झालीय, असं मनाशी धरून मी चार दिवस तसाच रेटला. पाचव्या दिवशी तो तासातच उभा राहिला.

मिस्त्रींनी इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केले. क्लच प्लेट रिबिटांपर्यंत झिजलेली, रिबिटांनी फ्लायव्हीलवर चरे पाडलेले, प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळे डाग. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, चालवताना डावा पाय कुठे असतो?" मिरचीची ट्रॉली घेऊन नंदुरबारच्या बाजारात रांगेत इंच इंच सरकताना मला हाफ क्लचची सवय लागली होती. पुढे शेतातही पाय पेडलवरच टेकून राहिला.

प्लेट झिजते तशी पेडलची मोकळी चाल कमी होते. ती संपली, किंवा पाय टेकलेला राहिला, की क्लचचं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना दाबून धरतं. क्लच प्लेटवरची पकड सुटते, प्लेट घसरते आणि जळते.

म्हणून चाल मोजत जा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करून चावी काढा, ब्रेक लावा, चाकांना ठोकळे द्या. पेडलशेजारी पट्टी धरून हाताने दाबा. जड लागेपर्यंतचं अंतर बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत इंचभर असतं. नेमका आकडा पुस्तिकेतलाच धरा. फरक असेल तर पेडलच्या रॉडचा लॉकनट ढिला करून रॉड थोडा थोडा फिरवा, नट आवळा, पुन्हा मोजा.

चाल फार वाढली तर पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरतो. पेडल दाबताच घरघर आली तर बेअरिंगवर संशय घ्या. चाल बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर प्लेट झिजलीय किंवा सील गळून तिच्यावर तेल आलंय. तिथे रॉड फिरवून उपयोग नाही, ट्रॅक्टर उघडावाच लागतो.

करपट वास आला त्याच तासात थांबलो असतो, तर फ्लायव्हील तरी वाचलं असतं. आता मुलगा ट्रॅक्टर शिकतोय. त्याला पहिला धडा हाच दिला: गिअर पडला, ट्रॅक्टर चालू लागला, की पाय पेडलवरून खाली.