मनू, 500 डॉलरच्या आकड्याला भुलू नकोस

अगं मनू, ऑफिसातल्या मंडळींनी तुला ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ या खटारा गाड्यांच्या रेसच्या टीममध्ये ओढलंय, हे ऐकून मला तर भारीच वाटलं. तुझे भाऊजी म्हणाले, हिला वेड लागलंय. म्हटलं, लागू दे.

पण पैशांचं आधी बोलू. जे लॅमने 2006 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँटला हे खूळ सुरू केलं तेव्हाच ठरवलं होतं, की गाडी 500 डॉलरच्या आतली हवी. श्रीमंतांच्या रेसिंगची ती उघड टिंगलच होती. म्हणून तर तिथे गंजलेल्या व्होल्वो, दार दोरीने बांधलेल्या सिव्हिक असलं काहीबाही पळतं. मात्र त्या 500 मध्ये सुरक्षेचं सामान धरत नाहीत. रोल केज, सीट, पट्टे, ब्रेक, टायर, आग विझवायची सोय, सगळं वर. एकटा केजच, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा, गाडीच्या कितीतरी पट महाग पडतो. तेव्हा तुझ्या वाट्याला काय येणार, ते आत्ताच कागदावर मागून घे. आपण पैशाचं बोलायला लाजतो आणि मग महिनाभर मनात कुढत बसतो.

आणि तो केज स्वतः बघ हं. पाइप जिथे पाइपला मिळतो, तिथे बोट फिरव. वेल्डिंग सगळ्या बाजूंनी गेलेलं हवं. छताच्या बाजूला, जिथे हात धड पोचत नाही, तिथेच कंटाळलेला माणूस अर्धवट सोडतो. शंका आली तर सरळ ‘मी बसणार नाही’ म्हण. हेल्मेट मात्र उसनं घेऊ नकोस, स्वतःचं घे.

टीममध्ये तू एकटी बाई. लॅप मोजायचा कागद आणि सँडविचं आपोआप तुझ्याकडे सरकतील बघ. सँडविचं दे बाई, पण ब्रेक पॅड बदलताना खाली वाकून बघायचंच. पेट्रोल भरताना इंजिन बंद, ड्रायव्हर बाहेर, भरणाऱ्याच्या अंगावर आगीपासून वाचवणारा सूट आणि बाजूला एकजण फायर एक्स्टिंग्विशर धरून. यात कुणी घाई करायला लागलं तर तू खुशाल भांड.

चालवायचं म्हणशील, तर नाव चोवीस तासांचं असलं तरी बहुतेक वेळा शनिवार-रविवार मिळून दिवसाउजेडीच पळतात. जास्त फेऱ्या कुणाच्या, एवढंच बघतात. त्यामुळे जोरात पळणाऱ्यापेक्षा न थांबणारी टीम पुढे जाते. मागून बीएमडब्ल्यू अंगावर आली तरी घाबरून बाजूला सरू नकोस, आपली लाइन धर. टक्कर झाली की चूक कुणाची हे फारसं ऐकत नाहीत, दोघांनाही काळा झेंडा दाखवून आत बोलावतात. गिरकी घेतलीस, ट्रॅक सोडलास, पिवळा झेंडा असताना कुणाला ओलांडलंस, तरी तेच. आत बसण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा वेगाने कधीच भरून निघत नाही. एक डोळा टेंपरेचरच्या काट्यावर ठेव. काटा चढायला लागला की पाय काढ आणि पिटमध्ये ये. हेड गॅस्केट उडालं की उरलेला दिवस टो ट्रकच्या सावलीत.

थंडरहिलच्या ट्रॅकवर उन्हाळ्यात जाणार असाल तर आगीपासून वाचवणाऱ्या त्या सूटमध्ये जीव नकोसा होईल. एसी नसतोच. बर्फाचं पाणी फिरवणारा शर्ट मिळतो, त्यावर खर्च कर, लिपस्टिकवर नंतर.

गंमत अशी, की तपासणीला बसलेले जज उघडपणे लाच घेतात. खाऊ किंवा बाटली पुढे केली की गाडीवर ‘ब्राइब्ड’ असा छापही मारतात. लोक दारू आणतात, तू चकली ने. भाजणीची, तिखट. मात्र गाडी फार महाग वाटली तर चकली खाऊनसुद्धा तुमच्या फेऱ्या कापतील.

आणि पहिल्या नंबराच्या मागे लागू नका. तिथलं खरं मानाचं बक्षीस ‘इंडेक्स ऑफ एफ्लुएन्सी’. सगळ्यात टाकाऊ गाडीने अपेक्षेपेक्षा जास्त पळून दाखवलं की तिला ते मिळतं. तुमच्या टीमने ती जुनी व्हॅन घ्यायची म्हटल्यावर तू नाक मुरडलंस ना? घेऊ दे त्यांना.

आईला मी सांगते. रेस म्हणणार नाही, गाडीची स्पर्धा म्हणेन. तू फक्त ब्रेक फ्लुइड कधी बदललंय ते विचार आणि रात्री मला फोन कर.