मज्जातंतू आणि कर्करोगाची गाठ



आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. त्याचे मूळ जमिनीत नसते. ते फांदीत शिरते, झाडाचा रस ओढते आणि झाडाच्या जिवावर हिरवेगार राहते. बांडगूळ बाहेरून येते, कर्करोगाची गाठ मात्र आपल्याच पेशी बिघडून तयार होते. पण दोघांची जगण्याची रीत पुष्कळशी सारखी आहे. गाठ रक्तवाहिन्यांतून अन्न घेते, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. ती मज्जातंतूंचाही उपयोग करून घेते, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अधिक स्पष्ट झाले आहे.

मज्जासंस्थेचे काम

मेंदू, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू आणि अंगभर पसरलेले मज्जातंतू मिळून मज्जासंस्था होते. हात उचलणे आपल्या इच्छेने होते. पण हृदयाचे ठोके, पोटाचे काम, घाम येणे ही कामे मज्जातंतू आपल्याला न विचारता चालवितात. भांगलण करताना पायाशी साप दिसला की छाती धडधडते, तोंड कोरडे पडते. त्या क्षणी मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनलिन आणि मूत्रपिंडावरील ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन हे द्रव सुटतात. साप निघून गेला की थोड्या वेळाने सारे शांत होते. पण कर्जाची किंवा आजाराची काळजी महिनोन्‌महिने राहिली, तर हे द्रव वरचेवर पाझरत राहतात.

संशोधनात काय दिसले?

अमेरिकेत ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात डॉ. अनिल सूद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. बीजकोशाच्या कर्करोगाच्या पेशी टोचलेले काही उंदीर रोज काही तास अरुंद जागेत कोंडून ठेवले. त्यांच्या गाठी जास्त वाढल्या आणि गाठीत नव्या रक्तवाहिन्याही जास्त फुटल्या. अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम अडविणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिल्यावर ही जादा वाढ थांबली.

२०१३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखविले की, उंदरांमध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या गाठीत मज्जातंतू शिरतात आणि त्यांच्यामुळे गाठ वाढते व पसरते. २०१४ साली नॉर्वे व अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या जठराकडे जाणारा मज्जातंतू कापला, तेव्हा तेथील कर्करोगाची वाढ मंदावली. २०१९ साली तर असे आढळले की, मेंदूतील काही गाठींच्या पेशी मेंदूच्या पेशींशी थेट जोडल्या जातात आणि त्यांच्या विजेच्या संदेशांवर वाढतात.

मुंबईची चाचणी

दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी जे औषध टोचतात, त्या लिडोकेनची ही गोष्ट आहे. मज्जातंतूतील संदेश सोडियमच्या सूक्ष्म दारांमुळे पुढे जातो. लिडोकेन ती दारे बंद करते. अशीच दारे कर्करोगाच्या पेशींवरही असतात. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्या स्त्रियांना स्तनाची गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती हे औषध टोचले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण औषध न टोचलेल्यांत शेकडा ८६.४, तर टोचलेल्यांत ९०.१ होते. इतक्या स्वस्त औषधाने हे साधावे, ही गरिबांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

काळजीनेच कर्करोग होतो काय?

याचे उत्तर नीट ऐका. वरील प्रयोग मुख्यतः झालेली गाठ कशी वाढते याविषयी आहेत. २०१३ साली युरोपातील सुमारे १ लाख १६ हजार स्त्री-पुरुषांची माहिती तपासली गेली. कामाचा ताण आणि कर्करोग होणे यांचा संबंध तीत आढळला नाही. म्हणून "चिंता करून करून तू हे दुखणे ओढवून घेतलेस" असे आजाऱ्याला कोणीही म्हणू नये. ते खरेही नाही आणि दयेचेही नाही. आजाऱ्याच्या पाठीवर आधीच पुरेसे ओझे असते.

आपल्या भागासाठी

निपाणीच्या तंबाखूवर अनेक घरे चालतात, हे खरे आहे. पण तंबाखू, मशेरी व गुटखा यांनी तोंडाचा कर्करोग होतो, हेही तितकेच खरे आहे. तोंडाचा कर्करोग मज्जातंतूच्या कडेने पुढे सरकू शकतो. पाणी पाटाने सरकावे तसा. म्हणून ओठ, जीभ किंवा हनुवटी उगाच बधिर झाली, तर ती खूण लहान समजू नये.

लक्षात ठेवा :

१. तोंडातील जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. सुगी संपण्याची वाट पाहू नका.

२. शेजाऱ्याची रक्तदाबाची गोळी कर्करोगासाठी घेऊ नका. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकते, आणि कर्करोगावरचा नेहमीचा उपचार म्हणून ते अजून मान्य झालेले नाही.

३. झोप, सोबत, दुखण्यावर योग्य औषध आणि प्रार्थना यांनी आजाऱ्याला बळ येते. पण ही शस्त्रक्रियेची किंवा औषधांची जागा घेत नाहीत. दोन्ही एकत्र चालू द्यावीत.

४. घरी आजारी माणूस असेल तर शेतीचा, कर्जाचा हिशेब त्याच्या उशाशी बसून मांडू नका. ते ओझे घरातील इतरांनी व शेजाऱ्यांनी वाटून घ्यावे. त्याची पेरणी वेळेवर करून देणे हीसुद्धा त्याची सेवाच आहे.