ठिपके गेले, रोग गेला का?

(काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस अनेकांना असते. परंतु कधी कधी बाजारातून आणलेला मासा आठ-दहा दिवसांतच आजारी पडतो आणि काय करावे ते कळत नाही. प्रस्तुत पाठात कोरिडोरस या लहान माशाला होणारा एक रोग, त्याचे कारण आणि त्यावरील इलाज यांची माहिती दिली आहे.)

माशांच्या दुकानात गेल्यावर आपले लक्ष प्रथम रंगीत माशांकडे जाते. टाकीच्या तळाशी मात्र काही लहान मासे वाळूत तोंड खुपसून सारखे काहीतरी शोधत असतात. हे कोरिडोरस मासे. यांची लांबी बहुधा पाच-सहा सेंटिमीटर असते. तोंडाजवळ मांजरासारख्या मिशा असतात, म्हणून अशा माशांना कॅटफिश म्हणतात. आपल्याकडील मागूर आणि शिंगाळा हेही मिशीवालेच मासे. कोरिडोरस मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा रहिवासी आहे. तेथे तो थव्याने राहतो. म्हणून टाकीतही पाच-सहा मासे एकत्र ठेवावेत. त्याच्या अंगावर खवले नसतात. हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते.

हा मासा आपल्या घरी येईपर्यंत बराच प्रवास करतो. दर ठिकाणी पाणी बदलते, गर्दी असते आणि पिशवीत कोंडून राहावे लागते. या त्रासामुळे माशाची रोगाशी झगडण्याची शक्ती कमी होते. दुकानातील एका टाकीत अनेक ठिकाणचे मासे एकत्र येतात. त्यांतील एकाला रोग असला तरी तो इतरांना लागतो.

नव्या माशांत फार आढळणारा रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. माशाच्या अंगावर आणि परांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासा दगडावर किंवा वाळूवर अंग घासतो, पर मिटून बसतो, खाणे सोडतो. कधी रोग फक्त कल्ल्यांत असतो. अशा वेळी ठिपके दिसत नाहीत, पण मासा भराभर श्वास घेतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. निरोगी कोरिडोरसही अधूनमधून झपकन वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाशी जातो. आतड्यातूनही हवेतील प्राणवायू घेण्याची सोय त्याला निसर्गाने दिली आहे. हा आजार नव्हे. मात्र सगळेच मासे वारंवार वर येऊ लागले, तर पाण्यात प्राणवायू कमी झाला आहे किंवा पाणी बिघडले आहे असे समजावे.

हे पांढरे ठिपके कशाचे असतात? तो एक एकपेशीय परजीवी आहे. फूके या शास्त्रज्ञाने १८७६ साली त्याला इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस हे नाव दिले. या लांबलचक नावाचा अर्थ आहे 'पुष्कळ पोरे असलेली माशांवरची ऊ'. हे नाव अगदी योग्य आहे. ते का, हे या जीवाच्या आयुष्यावरून कळते.

या जीवाच्या आयुष्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात तो माशाच्या कातडीत घुसून राहतो आणि तेथेच खाऊन वाढतो. आपल्याला दिसणारा ठिपका तो हाच. दुसऱ्या टप्प्यात तो माशाला सोडून तळाशी पडतो आणि स्वतःभोवती कोष तयार करतो. त्या कोषात एकाचे दोन, दोनाचे चार असे होत होत शेकडो जीव तयार होतात. तिसऱ्या टप्प्यात कोष फुटतो आणि ही पिल्ले पाण्यात पोहत मासा शोधू लागतात. दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

आता औषधाचा विचार करू. कातडीत दडलेल्या जीवापर्यंत पाण्यातील औषध पोहोचत नाही. कोषातील जीवही सुरक्षित असतो. औषध मारते ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणजे चोर घरात असताना त्याला पकडता येत नाही. तो रस्त्यावर येण्याची वाट पाहावी लागते.

पुष्कळांची फसगत होते ती येथेच. औषध टाकल्यावर दोन-तीन दिवसांत ठिपके नाहीसे होतात. मासा बरा झाला असे वाटून औषध बंद केले जाते. पण ठिपके गेले, याचा अर्थ ते जीव माशावरून उतरून तळाशी गेले एवढाच असू शकतो. काही दिवसांनी तेथून शेकडो पिल्ले बाहेर पडतात आणि पूर्वीपेक्षा दसपट ठिपके दिसतात. तोपर्यंत मासा थकलेला असतो; तो वाचणे कठीण होते. म्हणून ठिपके गेले तरी बाटलीवर सांगितलेले सर्व दिवस औषध पूर्ण द्यावे.

या जीवाचे आयुष्य पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास एक फेरा सुमारे आठवड्याभरात पुरा होतो. थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणून थंडीच्या दिवसांत हीटर लावून पाणी हळूहळू २७-२८ अंशांपर्यंत नेतात. असे केल्याने जीव लवकर बाहेर पडतात आणि औषधाच्या तावडीत सापडतात. परंतु गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. यासाठी हवेचा पंप सतत चालू ठेवावा. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी आधीच गरम असते. तेव्हा हीटरची जरुरी नसते.

औषधाची मात्रा अंदाजाने ठरवू नये. आधी पाणी मोजावे. समजा, टाकी ४५ सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि पाण्याची उंची २५ सेंटिमीटर आहे. ४५ × ३० × २५ = ३३,७५० घन सेंटिमीटर, म्हणजे पावणेचौतीस लीटर. वाळू आणि दगड यांनी व्यापलेली जागा त्यातून वजा करावी. कॅटफिशना काही औषधे इतर माशांपेक्षा जास्त बाधतात. म्हणून त्यांच्यासाठी बाटलीवर कमी मात्रा सांगितली आहे का, ते आधी वाचावे. मूठभर मीठ टाकून पाहणे किंवा दोन औषधे एकत्र करणे धोक्याचे आहे. फिल्टरमध्ये कोळसा असल्यास तो काढून ठेवावा, कारण तो औषध शोषून घेतो. औषध मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली आणि हातमोजे घालूनच वापरावे.

रोग मोठ्या टाकीत शिरला असेल, तर एकच आजारी मासा बाहेर काढून भागत नाही. कोष तळाशी असतातच. सर्व टाकीलाच औषध द्यावे लागते. यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे नव्या माशांना प्रथम दोन ते चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवणे. त्या टाकीत वाळू नसावी. लपण्यासाठी एखादे मातीचे भांडे आडवे ठेवावे. जुन्या टाकीच्या फिल्टरमधील थोडा स्पंज तेथे लावावा. त्यातील उपयोगी जिवाणू माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून, किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन घालून वापरावे.

मासे आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग टाकीचे पाणी थोडे थोडे पिशवीत घालावे. शेवटी मासे टाकीत सोडावेत. दुकानाचे पाणी मात्र टाकीत ओतू नये. कोरिडोरसच्या परांत टोकदार काटे असतात आणि ते जाळीत अडकतात. म्हणून त्याला पेल्याने उचलणे बरे. एका टाकीची जाळी दुसऱ्या टाकीत वापरण्यापूर्वी पूर्ण वाळवावी.

काही जण कंटाळून टाकीतील मासे नदीत किंवा तळ्यात सोडतात. हे कधीही करू नये. अशा सोडलेल्या सकर माशांनी भारतातील अनेक जलाशयांत वस्ती केली आहे आणि तेथील देशी माशांना व मच्छीमारांना त्यांचा उपद्रव होतो. आजारी माशाबरोबर रोगही बाहेर जातो.

मासा मुका आहे. त्याला कुठे दुखते ते तो सांगू शकत नाही. त्याचे खाणे, त्याचे पोहणे, त्याचा श्वास यांवरूनच आपल्याला ते ओळखावे लागते. त्याला टाकीत आणले आपण. तेव्हा त्याची खबरदारीही आपणच घ्यायला हवी. ठिपके दिसत नसले तरी शेवटच्या दिवसापर्यंत औषध देणे, हाही त्या खबरदारीचाच भाग आहे.

शब्दार्थ

परजीवी – दुसऱ्याच्या शरीरावर जगणारा जीव
एकपेशीय – एकाच पेशीचा बनलेला
कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव
पर – पोहण्यासाठी असलेले माशाचे अवयव
चिलखत – लढाईत अंगावर घालायचे लोखंडी कवच
मात्रा – औषधाचे ठरलेले प्रमाण
फसगत होणे – फसले जाणे
उपद्रव – त्रास

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोरिडोरस मासा मूळचा कोठला?
(आ) औषध परजीवीच्या कोणत्या टप्प्यावर काम करते?
(इ) कोरिडोरसला पेल्याने का उचलावे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) ठिपके गेले तरी औषध बंद करू नये.
(आ) पाणी गरम केल्यावर हवेचा पंप चालू ठेवावा.
(इ) टाकीतील मासे नदीत सोडू नयेत.

प्र. ३. एक टाकी ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद आहे. पाण्याची उंची ३० सेंटिमीटर आहे. टाकीत किती लीटर पाणी आहे?

प्र. ४. इलाज, हवा, खबरदारी, जरुरी हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा. पाठातून असे आणखी दोन शब्द शोधा.